विजेचा दाब, प्रवाह व रोध : मोटर का जळते?

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील बागाईतदारास पाण्याची विद्या शिकविण्याचे कारण नाही. विहिरीस पाझर किती, पाटास उतार किती द्यावा, दंड कोठे फुटेल, चार इंची नळाने पाणी किती दूर जाईल आणि सहा इंचीने किती, ह्या गोष्टी तो नजरेच्या अंदाजाने सांगतो. परंतु ज्या शक्तीवर आज हे पाणी चढते ती तारेतून कशी येते, वाटेत कोठे गळते व केव्हा घात करते, हे पुसले असता पुष्कळ जाणते लोकही गप्प बसतात. नाडा व सोंदूर जाऊन तेथे तार व स्टार्टर आले, त्यास आता पिढ्या लोटल्या; तथापि नाड्याचा पीळ जसा आपणांस कळत असे तसा तारेचा गुण अद्याप कळलेला नाही.

ह्या अज्ञानाची किंमत थोडी नाही. उसास किंवा द्राक्षबागेस पाण्याची खरी निकड लागावी आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटर जळावी, हा अनुभव गावोगावी आहे. वाइंडिंगवाल्याकडे रांग असते, पाण्याची पाळी चुकते, आणि दुरुस्तीच्या खर्चाहून पिकाचे नुकसान मोठे होते. याहून मोठी किंमत जिवाची. आमची हयात महसुली दप्तरात गेली. विजेच्या धक्क्याने दगावलेल्या माणसांची व जनावरांची कितीतरी प्रकरणे आमच्या हाताखालून गेली. ओले अंग, उघडी पेटी, गंजलेली अर्थिंगची तार, हेच त्यांत फिरून फिरून येई. आम्ही विद्युत्शास्त्राचे पंडित नव्हे; परंतु हिशेबाची सवय आम्हांस आहे, आणि विजेचे मूलतत्त्व म्हणजे अखेर आपण शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाएवढेच सोपे आहे. ते येथे सांगण्याचा विचार आहे.

पाण्याच्या उंचीतून वीज

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण आहे. ह्या नदीचे पाणी स्वभावतः पूर्वेस वाहून कराडास कृष्णेस मिळावयाचे. परंतु धरणाच्या जलाशयातील बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेले आहे. तेथे ते साडेचारशे मीटरांहून अधिक खाली कोसळते व चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चक्रे फिरविते. १९६२ साली येथे प्रथम वीज निघू लागली. पुढे टप्प्याटप्प्याने हे केंद्र वाढत जाऊन आज त्याची शक्ती १,९०० मेगावॉटांहून अधिक आहे. ही वीज राज्यातील इतर केंद्रांच्या विजेसह एकाच जाळ्यात मिसळते व तेथून आपल्या विहिरीवर येते. ताकारी, टेंभू, म्हैसाळ ह्या उपसा योजनांचे प्रचंड पंप कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत अशा कोरड्या तालुक्यांकडे चढवितात, तेही ह्या जाळ्यातील विजेवरच. म्हणजे एके ठिकाणी पाणी उंचावरून पडते तेव्हा वीज होते, आणि दुसऱ्या ठिकाणी वीज खर्ची पडते तेव्हा पाणी उंच चढते. पाणी आणि वीज ह्यांचे नाते इतके जवळचे असल्यामुळे एकीवरून दुसरी समजून घेणे शेतकऱ्यास सोयीचे जाईल.

तीन शब्द

माळावर एक टाकी आहे व तिला खाली नळ जोडला आहे असे समजा. टाकी जितकी उंच, तितका नळातील पाण्याचा जोर अधिक. विजेत ह्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्ट ह्या मापाने मोजतात. नळातून एका सेकंदात जेवढे पाणी वाहून जाते तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअर ह्या मापाने मोजतात. नळ अरुंद असेल, लांब असेल, आत गंज धरला असेल, तर पाणी अडखळते. तसेच तारेतून जाताना विजेस जो अडथळा होतो तो रोध. त्याचे माप ओहम.

ही तिन्ही नावे माणसांची आहेत. इटलीतील व्होल्टा ह्याने १८०० साली धातूंच्या चकत्यांवर चकत्या रचून सतत वाहणारी वीज प्रथम मिळविली. फ्रान्समधील अँपिअर ह्याने प्रवाह व लोहचुंबकत्व ह्यांचा संबंध मांडला. त्याच संबंधावर आपली मोटर फिरते. जर्मनीतील ओहम ह्या शाळामास्तराने १८२७ साली दाब, प्रवाह व रोध ह्यांचा हिशेब पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आरंभी त्याची फारशी कदर झाली नाही. परंतु आज जगातील प्रत्येक तार त्याच्याच नियमाने ओढली जाते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नळ फुटला तर पाणी जमिनीवर सांडते; तार तुटली तर वीज अशी सांडत नाही. विजेस निघाल्या ठिकाणी परत जाण्याची वाट लागते. वाट पुरी झाली तरच प्रवाह वाहतो. वाट तुटली की दाब असूनही प्रवाह थांबतो. कळ दाबून आपण हीच वाट जोडतो किंवा तोडतो. मात्र परतीची वाट तारेचीच असली पाहिजे असे नाही. ओली जमीन आणि माणसाचे शरीर ह्यांतूनही ती पुरी होऊ शकते. धक्का बसतो तो असा.

ओहमचे त्रैराशिक

नियम एका वाक्याचा आहे : दाबास रोधाने भागले असता प्रवाह निघतो. घरात २३० व्होल्ट दाब आहे आणि शेगडीचा रोध ४६ ओहम आहे, तर २३० भागिले ४६, म्हणजे ५ अँपिअर प्रवाह वाहील. रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होईल. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होईल.

दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तिचे माप वॉट. वरील शेगडी २३० गुणिले ५, म्हणजे १,१५० वॉट शक्ती घेईल. १,००० वॉट शक्ती एक तास वापरली म्हणजे मीटरावर एक युनिट पडते. एक अश्वशक्ती सुमारे ७४६ वॉटांबरोबर धरतात. म्हणून पाच अश्वशक्तीच्या मोटरीचे काम सुमारे ३,७०० वॉटांचे होते.

आणखी एक गोष्ट सांगितली म्हणजे शास्त्र संपले. तारेत रोधामुळे जी उष्णता होते ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट होते. मोटरीचे जळणे, केबलचे वितळणे व फ्यूजचे उडणे ह्या सर्वांचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

म्हणूनच दूर जाणारी वीज अतिशय उच्च दाबाने नेतात. तेवढीच शक्ती न्यावयाची असता दाब दसपट केला तर प्रवाह दहावा हिस्सा पुरतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता शंभराव्या हिश्श्यावर येते. ह्याकरिता कोयनेची वीज दोन लाख वीस हजार व चार लाख व्होल्ट अशा दाबाने डोंगर ओलांडते, पुढे उपकेंद्रातून दाब उतरत उतरत गावाजवळ बहुधा ११,००० व्होल्ट होतो, आणि शेवटी डी.पी.वर तो तीन फेजांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट केला जातो. तेथून विहिरीपर्यंतचा तुकडा सर्वांत लहान खरा. परंतु दाब कमी व प्रवाह मोठा असल्याने गळती येथेच फार होते, आणि ह्या तुकड्यातील बराचसा भाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती असतो.

बारीक केबलचा हिशेब

तारेचा रोध चार गोष्टींवर ठरतो. तार दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट होतो. तिचा छेद दुप्पट केला तर रोध निम्मा होतो. तिसरी गोष्ट धातूची. तांब्याहून ॲल्युमिनियमचा रोध अधिक, म्हणून ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या दीडपटीहूनही जाड घ्यावी लागते. चौथी गोष्ट सांध्यांची. तिचा विचार पुढे करू.

खांबापासून विहीर ३०० मीटर दूर आहे व मोटर पाच अश्वशक्तीची आहे असे धरा. अशी मोटर पूर्ण कामावर असता प्रत्येक तारेतून सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. शेतकऱ्याने स्वस्त पडते म्हणून अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल ओढली. ह्या केबलचा रोध एका किलोमीटरास सुमारे ७.४ ओहम असतो. म्हणून ३०० मीटरांस सुमारे २.२ ओहम. साडेसात गुणिले २.२ म्हणजे एका तारेत साडेसोळा व्होल्ट. तीन फेजांच्या जोडणीत फेजांमधील दाबावर ह्याचा परिणाम सुमारे दीडपट, म्हणजे चोवीसेक व्होल्ट पडतो. खांबावर ४१५ असलेला दाब विहिरीवर ३९१ उरला. नियमाप्रमाणे दाबात सहा टक्क्यांपर्यंत चढउतार चालतो, म्हणजे ३९० ही खालची हद्द झाली. ती सारी सूट आपण आपल्याच केबलमध्ये खर्चून टाकली. खांबावर दाब जरा जरी कमी असला तरी आता मोटरीस सोसावे लागणार.

हीच केबल दहा चौरस मिलिमीटरची घेतली असती तर रोध चौथाईवर आला असता व तूट सहाच व्होल्ट पडली असती. बारीक केबलमध्ये तीन तारांत मिळून सुमारे ३७० वॉट नुसती उष्णता होते, म्हणजे मोटरीच्या कामाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. मोटर आठ तास चालली तर रोज तीन युनिटे जमिनीस ऊब देण्यात गेली.

यावर कोणी म्हणेल की, २०२४ साली शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस पाच वर्षांपुरती मोफत वीज जाहीर केली आहे, तेव्हा ही तीन युनिटे आमच्या पदरातून कोठे जातात? युनिटे जात नसतील. परंतु गेलेला दाब बिल माफ झाल्याने परत येत नाही, आणि मोटर माफीवर चालत नाही, दाबावर चालते. नदीवरून माळावर पाणी नेताना नळ बारीक घेतला तर शेवटच्या वावरास पाणी पोहोचत नाही, हे कृष्णाकाठच्या प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदास ठाऊक आहे. केबलचेही तसेच आहे. मात्र नळ डोळ्यांस दिसतो, रोध दिसत नाही.

सांध्याचे पाहू. तारा नुसत्या पिळून त्यावर चिंधी किंवा प्लास्टिक गुंडाळले असेल, अथवा तांब्याची तार ॲल्युमिनियमला जोडली असेल, तर पावसाळ्यानंतर तेथे गंज धरून एका सांध्याचाच रोध एक ओहमपर्यंत जाऊ शकतो. साडेसात अँपिअरांचा वर्ग सुमारे ५६. म्हणजे ६० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली. सांधा काळा पडणे, केबल मऊ होणे व शेवटी एक फेज तुटणे हा त्याचा क्रम होय.

दाब कमी, तरी मोटर जळते ती का?

येथे विचारी वाचकास शंका येईल. ओहमच्या नियमाने दाब घटला तर प्रवाहही घटावा. मग कमी दाबाने मोटर थंड राहण्याऐवजी जळते कशी?

उत्तर असे की, शेगडी हा नुसता रोध आहे, मोटर तशी नव्हे. फिरती मोटर आपल्या फिरण्याने प्रवाहास आवरून धरते. ती वेगात असेल तोवर आवर घट्ट, मंदावली की सैल. मोटर थांबलेली असता हा आवर मुळीच नसतो, म्हणून सुरू होण्याच्या क्षणी ती पाच-सहापट प्रवाह ओढते. आता विहिरीची खोली तीच, पाणी तेवढेच, म्हणजे पंपाचे काम कमी झालेले नाही. शक्ती म्हणजे दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार; दाब उतरला तर तेवढेच काम करण्यास प्रवाह वाढला पाहिजे. पाच अश्वशक्तीची जी मोटर ४१५ व्होल्टांवर साडेसात अँपिअर घेते, ती ३०० व्होल्टांवर दहा अँपिअरांहून अधिक घेऊ लागते. प्रवाह सुमारे १.४ पट वाढला. परंतु वाइंडिंगमधील उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. वाइंडिंगवरील रोगण ही उष्णता काही वेळ सोसते, मग करपते, तारेस तार लागते व मोटर बसते.

एक फेज गेला असता दशा याहून वाईट होते. तिघांचे ओझे दोघांवर पडते. चालती मोटर घोंघावत चालत राहते व थांबलेली मोटर फिरतच नाही, नुसती गुणगुणते. अशा मोटरीस हाताने किंवा दांड्याने चालना देऊन फिरविण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे, तो सर्वस्वी सोडावा. बोअरमधील पाणबुडी मोटर तर दिसत नाही व ऐकूही येत नाही, म्हणून तिला रक्षकाची गरज अधिक.

रक्षक तीन आहेत. पहिला फ्यूज : प्रवाह अति झाला की आपण वितळून वाट तोडणारी तार. तिच्या जागी जाड तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यास दारू पाजून निजविण्यासारखे आहे. दुसरा स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले; तो मोटरीवरील पाटीच्या अँपिअरांस लावलेला असावा, वारंवार पडतो म्हणून वर चढवून ठेवू नये. तो पडतो ह्याचा अर्थ तो आपले काम करीत आहे. तिसरा, एक फेज गेल्यास स्टार्टर पाडणारे साधन. त्याची किंमत एका रिवाइंडिंगपुढे फार नाही. स्टार्टरच्या पेटीत एक व्होल्टमीटर व एक अँपिअरमीटर बसवून घ्यावा, आणि जसे विहिरीतील पाणी पाहिल्याखेरीज आपण पंप सोडीत नाही तसे व्होल्ट पाहिल्याखेरीज मोटर सोडू नये.

एका डी.पी.वरील भाऊबंद

आतापर्यंत एका शेतकऱ्याचा विचार झाला, परंतु डी.पी. सामाईक असते, आणि दाब ही तिच्यावरील सर्वांची सामाईक मिळकत होय. ६३ के.व्ही.ए.ची डी.पी. घ्या. ती सुमारे ८५ अँपिअर प्रवाह सुखाने देऊ शकते. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या अकराएक मोटरी चालवील. अशा दहाच मोटरी तिच्यावर आहेत असे समजू. वीज येताच आपोआप चालू करणारे ऑटोस्विच सर्वांनी लावले आहेत. वीज आली त्या क्षणी दहाही मोटरी एकदम उठतात व प्रत्येकी ४५ अँपिअरांच्या आसपास, मिळून ४५० अँपिअर मागतात. जी ८५ देणार तिच्याकडे ४५० ची मागणी! दाब कोसळतो, दाब कोसळला म्हणून मोटरी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून प्रवाह उतरत नाही. फ्यूज गेला तर सुटलो, त्याच्या जागी जाड तार असेल तर डी.पी. जाते व सगळ्यांचे पाणी बंद होते.

शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीने येते व कधी रात्री येते. थंडीत किंवा अंधारात विहिरीवर जाण्याचा त्रास टाळावा म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतो, हे आम्ही जाणतो. त्याची ही अडचण खोटी नव्हे. उपाय इतकाच की, प्रत्येकाने आपल्या ऑटोस्विचला विलंबाचे साधन जोडावे व आपापसांत क्रम ठरवावा : पहिली मोटर एका मिनिटाने, दुसरी दोन मिनिटांनी, ह्याप्रमाणे. पाटाच्या पाण्याची बारी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली. विजेची बारी पाळणे त्याहून सोपे आहे. आकडा टाकून घेतलेली वीज व मंजूर भारापेक्षा मोठी मोटर, ह्यांचा भारही त्याच डी.पी.वर पडतो, तेथे चोरी सरकारची होते असे म्हणतात, परंतु दाब जातो तो शेजाऱ्याचा.

कपॅसिटरचाही येथेच उल्लेख केला पाहिजे. मोटर जो प्रवाह घेते त्यातील काही भाग प्रत्यक्ष कामाचा नसून तिच्यातील लोखंडात चुंबकत्व आणण्यापुरता असतो. तो तारेतून नुसता येरझारा घालतो व वाट अडवितो. मोटरीजवळ कपॅसिटर जोडला तर ही येरझार तेथल्या तेथे भागते. पाच अश्वशक्तीच्या मोटरीस दोन के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर लावला असता तारेतील प्रवाह साडेसातांवरून साडेसहांच्या आत येतो. एकाने लावल्याने थोडे साधते, डी.पी.वरील सर्वांनी लावल्यास दहा मोटरींमध्ये दहा-अकरा अँपिअर मोकळे होतात, म्हणजे एका मोटरीहून अधिक भार हलका होतो.

महावितरणने २०१८ च्या सुमारास एक-दोन शेतकऱ्यांस मिळून एक लहान डी.पी. देण्याची उच्चदाब वितरण पद्धत हाती घेतली, तिचेही तत्त्व हेच आहे : उच्च दाबाची तार विहिरीजवळ न्यावी, म्हणजे कमी दाबाचा तुकडा आखूड होऊन तूट थोडी पडेल. सौर पंपासही हे नियम चुकत नाहीत. पट्ट्यांपासून पंपापर्यंतची केबल बारीक व लांब असेल तर तेथेही दाब वाटेतच संपतो.

माणसाच्या अंगाचा रोध

आता शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शरीरासही रोध आहे. कातडी कोरडी असता तो कित्येक हजार ओहम असतो. परंतु हात ओले, पाय चिखलात, अंगास घाम, अशा स्थितीत तो सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरतो. दारे धरून आलेला मनुष्य नेमका अशाच स्थितीत स्टार्टरपाशी जातो. २३० भागिले १,०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. हा प्रवाह ६० वॉटचा दिवा घेतो त्याहूनही थोडा कमी. परंतु दहा-पंधरा सहस्रांश अँपिअरांतच स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, तीस सहस्रांशांच्या पुढे श्वास कोंडू लागतो, आणि एक दशांशाच्या आसपास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. मोटरीस जे साडेसात अँपिअर लागतात त्याचा पंचाहत्तरावा हिस्सा मनुष्यास पुरे होतो. फ्यूज ह्या वेळी उडत नाही. तो मोटरीच्या रक्षणास बसविला आहे, माणसाच्या नव्हे.

माणसाचे रक्षण अर्थिंग करते, आणि तेही ओहमच्याच नियमाने. मोटरीच्या किंवा पेटीच्या लोखंडास आतून फेज लागला असे समजा. अर्थिंग चांगली असून परतीच्या वाटेचा सर्व रोध दोन ओहम असेल, तर २३० भागिले २, म्हणजे ११५ अँपिअर प्रवाह जमिनीत धाव घेईल, फ्यूज तत्काळ उडेल व लोखंड मृत होईल. अर्थिंगची तार गंजलेली असून रोध शंभर ओहम झाला असेल, तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर, फ्यूज जागचा हलणार नाही, आणि पेटी २३० व्होल्टांचा दाब अंगावर घेऊन कोणी हात लावण्याची वाट पाहत राहील. मोटर मात्र नेहमीसारखी चालत असेल. मोटर चालते म्हणून सर्व ठीक आहे, ह्या समजुतीनेच माणसे गेली आहेत.

यास्तव अर्थिंगसाठी सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्त चढविलेला लोखंडी नळ ओलसर जागी उभा पुरावा, भोवती कोळसा व मीठ घालावे, उन्हाळ्यात तेथे पाणी ओतावे, तार जाड असावी व सांधा बोल्टाने आवळलेला असावा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी जाणत्या वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. याखेरीज तीस सहस्रांश अँपिअर गळती होताच वाट तोडणारी आर.सी.सी.बी. नावाची कळ मिळते. ती घरी व विहिरीवर बसवावी.

शेजारी कोणी विजेस चिकटला तर त्यास हात लावू नये. प्रथम कळ पाडावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्यास अलग करावे. श्वास बंद असल्यास छाती दाबून श्वास देण्याचा उपचार तेथेच सुरू करावा व दवाखान्यास कळवावे. हे सर्व घरगुती दाबापुरते. ११,००० व्होल्टांची तार तुटून पडली असेल तर काठीचाही भरवसा नाही. दूर राहून उपकेंद्रास कळवावे व इतरांस अडवावे. खांबाच्या ताणतारेस जनावर बांधू नये, तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत.

सारांश

वरील विवेचनातून शेतकऱ्याने ध्यानात धरावयाचे मुद्दे येणेप्रमाणे :

१. केबल घेताना किमतीबरोबर छेद व अंतर ह्यांचा हिशेब करावा.
२. सांधे थोडे, आवळलेले व झाकलेले असावेत.
३. व्होल्ट पाहून मोटर सोडावी. दाब फार उतरल्यास थांबावे.
४. फ्यूजच्या जागी फ्यूजचीच तार घालावी.
५. कपॅसिटर व ऑटोस्विचचा विलंब, हे एका डी.पी.वरील सर्वांनी मिळून ठरवावे.
६. अर्थिंग तपासल्याखेरीज पावसाळा सुरू होऊ देऊ नये.
७. ओल्या हाताने पेटीस स्पर्श करू नये.

ह्यांतील तिसऱ्या, पाचव्या व सहाव्या मुद्द्यांस गावच्या संस्थेच्या बैठकीत अर्धा तास द्यावा, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक डी.पी.वरील खातेदारांची यादी करावी. नावापुढे मोटरीची अश्वशक्ती, केबलचा छेद, कपॅसिटर आहे की नाही व अर्थिंग केव्हा मोजली, असे चार रकाने आखावेत. एवढा एक कागद तयार झाला म्हणजे दाब कोठे जातो हे बहुधा त्या कागदावरच दिसेल. आणि कोणाच्या अर्थिंगचा रकाना कोरा आहे हेही दिसेल. तो कोरा रकाना प्रथम भरून घ्यावा.